तिथून पुढं?

मुंजाभाऊला नीट बसलेला मी अकरा वर्षांत एकाच जागी पाहिला, ड्रायव्हरच्या सीटवर. बाकी हा बाबा बसायचाच नाही. चहा उभ्यानं, भाकर उभ्यानं, साहेबांनी खुर्ची दिली तरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. लग्नाच्या पंगतीत तर त्याची फार तकलीफ व्हायची. मांडी घातली की दोन घासांत याची चुळबुळ सुरू. मग पाणी आण, मीठ आण, वाढप्याच्या हातातली बादली घे. पुढं आमच्याकडं बफे आला आणि सगळी जुनी माणसं नावं ठेवायला लागली, की हे काय ताट घेऊन दारोदार हिंडायचं. मुंजाभाऊ एकटा खूश. मला म्हणाला, "मास्तर, आता कुठं लोकायला अक्कल आली."

मास्तर म्हणजे मी. शाळेतला नव्हे, लाल बसमधला. आमच्यात ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तरच म्हणतात. मी तिकिटं फाडायचो आणि दोरी ओढायचो. दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. अकरा वर्षं त्या माणसाला मी थांबवलं आणि चालवलं, म्हणून त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा माझा हक्क आहे असं मी समजतो.

आमची खेप ठरलेली. हिंगोलीहून निघायचं, कनेरगाव नाक्यावर थांबायचं, पैनगंगा ओलांडायची, वाशिमला पोचायचं आणि परत. दिवसातून तीनदा. एवढ्या वर्षांत त्यानं रस्त्यातल्या खड्ड्यांना नावं ठेवली होती. एका खड्ड्याचं नाव सरपंच, कारण तो निवडणुकीच्या आधी बुजायचा आणि निकाल लागला की पुन्हा उघडा पडायचा. वाशिमच्या स्टँडवर आम्हाला पंधरा मिनिटं मिळायची. मी लघवी, चहा, हिशोब यात गुंतलेलो असायचो. मुंजाभाऊ शेजारी लागलेल्या अकोल्याच्या, अमरावतीच्या गाडीपाशी जाऊन उभा राहायचा. तिथल्या ड्रायव्हरला विचारायचा, "अमरावती का? तिथून पुढं?" तो म्हणायचा, पुढं कुठं, तिथून माघारी. मुंजाभाऊ मान हलवायचा आणि दुसऱ्या गाडीकडं जायचा.

तिथून पुढं, हे त्याचं पालुपद. पुढच्या सीटवर जो बसेल त्याला तो विचारणारच. एकदा रजा संपवून निघालेला फौजी बसला. कुठं ड्यूटी? जम्मू. तिथून पुढं? पुढं बरफ. बरफाच्या पुढं? फौजी हसायला लागला. म्हणाला, "काका, त्याच्या पुढं दुसऱ्याचा मुलूख लागतो." मुंजाभाऊनं गाडी वाशिमला लावली. उतरताना मला म्हणाला, "पाह्यलं का मास्तर, मंग तिकडं बी रस्ता हायच की."

पण एकदा हे विचारणं त्याच्या अंगाशी आलं. नवं लग्न झालेली एक पोरगी पुढं बसली होती, माहेराहून सासरी चाललेली, डोळे सुजलेले. यानं आपलं सवयीनं विचारलं, "कुठं जायचं बाई?" ती म्हणाली, वाशिमजवळ मालेगावला. "तिथून पुढं?" ती म्हणाली, "तिथून पुढं काय मामा, आता तिथंच." आणि जी रडायला लागली ती लागलीच. सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली, जसं काही मीच तिला रडवलं. त्यानंतर आठ दिवस त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. मला वाटलं सुटलो. नवव्या दिवशी पुन्हा सुरू.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा गावात गुलाल, फटाके, पेढे. डेपोत पण पेढे वाटले. मुंजाभाऊनं पेढा घेतला, तोंडात टाकला आणि विचारलं, "म्हंजे हद्द कुठवर?" कुणीतरी सांगितलं, कनेरगावच्या पुढं नदी, तिथं संपला जिल्हा. त्याचं तोंड उतरलं. "आदी परभणी जिल्ह्यात होतो तं जरा पाय पसरायला जागा होती," म्हणाला. लोक हसले. मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करत नव्हता.

त्याचं मूळ मेंढरातलं. बाप, आजा सगळे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे ते मिरगाला परत. मुंजाभाऊ जन्मलासुद्धा वाटेत. कुठल्या शिवारात ते त्याच्या आईलाही धड सांगता यायचं नाही. त्या माउलीची एकच इच्छा, की दोन पोरांतलं एक तरी एका जागी टेकावं. म्हणून थोरल्या मुंजाला मामाकडं कुरुंद्याला शाळेत घातलं आणि धाकटा खंडू मेंढरामागं गेला. मुंजाभाऊ सांगायचा, "एका जागी बसंल म्हून मायनं सरकारी नोकरीला लावलं, आन सरकारनं चाकावर बसवलं." हे सांगताना तो स्वतःच इतका हसायचा की स्टिअरिंग हलायचं. मी मागून ओरडायचो, "हसा नंतर, समोर बघा!"

मेंढरं दिसली की मात्र त्याचं सगळंच बदलायचं. रस्त्यावर कळप आला की कुठलाही ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवतो आणि हळूहळू गाडी आत घुसवतो. मुंजाभाऊ इंजन बंद करायचा. चक्क बंद. मग हात बांधून शेवटचं मेंढरू जाईस्तोवर बघत राहायचा. शेवटचं म्हणजे अगदी शेवटचं, लंगडत मागं राहिलेलं एखादं असतं ते. ते गेलं की मला म्हणायचा, डबल द्या. मग मी दोरी दोनदा ओढायची.

एकदा वाशिमच्या कोर्टात तारीख असलेला एक माणूस खवळला. "अहो, हॉर्न मारा ना! काहून गाडी बंद करून बसले?" मुंजाभाऊनं मान वळवून त्याला शांतपणे सांगितलं, "हॉर्न मारला की मेंढरं पांगतात. पांगलेली गोळा करायला त्या बिचाऱ्याचा अर्धा दिस जातो. तुमचे धा मिन्टं जातील." माणूस म्हणाला, मी तक्रार करीन. "करा," मुंजाभाऊ म्हणाला, "वहीत लिवा. मास्तर, वही द्या सायबाला." तक्रार झाली. खुलासा मागवला गेला. मुंजाभाऊचा लेखी खुलासा दोन शब्दांचा असायचा, मेंढरं होती. असे सात-आठ कागद त्याच्या फाइलीत लागले होते, सगळ्यांवर तेच दोन शब्द. मला राग यायचा. ड्रायव्हर लेट म्हणजे कंडक्टरही लेट, बोलणी दोघांनाही बसतात. पण खरं सांगू, त्या पाच-दहा मिनिटांत सगळी गाडी गप्प व्हायची आणि खुरांचा तो बारीक आवाज ऐकत बसायची. ते मला आवडायचं. त्याला कधी सांगितलं नाही.

निवृत्ती जवळ आली तसा तो जास्तच अस्वस्थ झाला. त्याच्या पोरानं, दत्तानं, बापासाठी गावात एसटीडीचा बूथ काढला होता. पोरगा चांगला, बापाची काळजी करणारा. काचेची खोली, पंखा, फोन आणि एक फिरती खुर्ची. दत्ता मला मोठ्या कौतुकानं सांगत होता, "काका, बाबाला फिरायची हौस हाय ना, म्हून मुद्दाम फिरती आणली." मी मुंजाभाऊकडं पाहिलं. त्यानं त्या खुर्चीला बोटानं एक गिरकी दिली आणि ती थांबेपर्यंत बघत राहिला. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाला, "मास्तर, मला बसायचं भेव वाटतं. मराचं न्हाई वाटत एवढं."

त्याच सुमाराला गावात ती पिवळी गाडी आली. हळदीचा व्यापार करणारे एक शेठ होते, आपण त्यांना शेठच म्हणू, त्यांच्या पोरानं मुंबईहून दोन दारांची, दोनच सीटांची, जमिनीला चिकटलेली एक स्पोर्ट्स कार आणली. रंग हळदीसारखा. ट्रकवर चढवून आणली. उतरवताना पुढचा बंपर फुटला. दुसऱ्या दिवशी पोरानं ती गावात काढली आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं. पुढची चाकं इकडं, मागची तिकडं, मधे गाडी लोंबकळतेय. आठ माणसांनी उचलून ती मागं घेतली. त्या आठांत मुंजाभाऊ एक होता, चाकाला हात लावलेला. सगळं गाव महिनाभर हसलं आणि पोरानं गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक मिळालं ते थेट कोकणात, समुद्रकाठचा एक हॉटेलवाला. त्याची अट एकच, ट्रकवर चढवायची नाही, चालवत आणायची, आणि खालून ओरखडा नको.

आता खालून ओरखडा न येता आमच्या रस्त्यांवरून ती गाडी कोण काढणार? शेठनं डेपोत विचारलं, सगळ्यांनी एकच नाव घेतलं. मुंजाभाऊनं आधी गाडीखाली हात घालून उंची मोजली. धड वीतभरही नाही, सहा बोटं. मग विचारलं, "समुद्र म्हंजे रस्त्याचा शेवट ना? मला पाह्यचंय." आणि अट घातली की मास्तर सोबत पाहिजे. शेठ म्हणाले, कंडक्टर कशाला? मुंजाभाऊ म्हणाला, "बेल कोन देनार?" शेठना वाटलं विनोद आहे. मला माहीत होतं विनोद नाही. दिवाळी झाल्यावर आम्ही दोघांनी रजा टाकली.

सकाळी सहाला निघालो. मी आत बसलो तर बसतच गेलो, बूड रस्त्याला टेकतंय का काय असं वाटलं. मुंजाभाऊची तर आयुष्यभर उंचावर बसायची सवय. आता बकरीच्या तोंडाबराबर तोंड. त्यानं गाडी सुरू केली. ती गुरगुरायला लागली. आणि हा तसाच बसून. "चला की," मी म्हणालो. "डबल, मास्तर." मी म्हणालो, अहो दोरी कुठं आहे इथं? तो म्हणाला, तुमी कायबी करा, पन डबल द्या, माझा पाय उचलत न्हाई. शेवटी मी समोरच्या प्लॅस्टिकवर बोटाच्या गाठीनं दोनदा ठोकलं आणि ती पिवळी गाडी हिंगोलीतून निघाली.

पहिल्या स्पीडब्रेकरला तो थांबला. "उतरा." काहून? "वजन कमी करा. तुमचं पोट हलकं न्हाई." मी उतरलो, चालत पलीकडं गेलो, गाडी तिरकी होऊन एकेक चाक अलगद टाकत आली, पुन्हा बसलो, पुन्हा दोनदा ठोकलं. असं औंढा, असं जवळा बाजार, असं पार परभणी. आमच्याकडं प्रत्येक शाळेपुढं, प्रत्येक देवळापुढं आणि प्रत्येक पुढाऱ्याच्या घरापुढं एकेक स्पीडब्रेकर. हिंगोली ते परभणी मी स्पोर्ट्स कारनं गेलो असं लोक म्हणतात. निम्मा पायीच गेलो.

जवळा बाजारला आठवडी बाजार होता. रस्त्याच्या कडेला टोपलं घेऊन एक म्हातारी उभी. तिनं हात केला. आणि मुंजाभाऊनं गाडी कडेला घेऊन बराबर तिच्यापुढं उभी केली. तीस वर्षांची सवय, हात दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. म्हातारी वाकली, काचेतून आत बघितलं. "ड्रायव्हर, परभणी लागती का?"

"लागती माय, पन सीट न्हाई."

"मंग थांबिवली काहून?" म्हातारीनं त्याला धुतलाच. एवढी नवी गाडी आणि दोन मान्सं घेऊन चालली, सरकारला कळतं का न्हाई. मी तोंडावर रुमाल धरला. मुंजाभाऊ मात्र ओशाळून म्हणाला, "मागून येती दुसरी, माय." आणि पुढं कितीतरी वेळ आरशात बघत राहिला, मागून खरंच दुसरी येतेय का म्हणून.

बार्शी सोडली आणि पुढं सांगोल्याच्या अलीकडं रस्ता एकदम सरळ झाला. दुपारची वेळ, दोन्हीकडं माळ, समोर कुणी नाही. आमच्या बसचा वेग वरूनच बांधून दिलेला. साठच्या वर काटा कधी गेला नाही. मी म्हणालो, "मुंजाभाऊ, दाबा की आता. घरी जाऊन काय सांगणार?" त्यानं माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं, आणि दाबली. ऐंशी. शंभर. एकशे वीस. मी सीट धरून देवाचं नाव घेत होतो, आणि हा माणूस हसत होता. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. काही म्हणत होता, मला ऐकू येत नव्हतं.

मग पाय काढला. मला काही दिसत नव्हतं, पण त्याला लांबवर धूळ दिसली होती. कोसभर आधीपासून त्यानं गाडी हळू केली, आणखी हळू केली, कडेला घेतली आणि इंजन बंद केलं. मेंढरं आली. बाजूच्या माळावरून शेकड्यानं रस्त्यावर आली. आम्ही त्यांच्याच उंचीचे. काचेला लोकर घासत होती, एका मेंढीनं तर माझ्याकडं तोंड लावून आत बघितलं. पाच-सहा बायामाणसं, दोन घोडी, घोडीवर बोचकी, बोचक्यांवर कोकरं. पुढं अरुंद पूल होता आणि पलीकडून ट्रक सुसाट येत होते. मुंजाभाऊ उतरला. म्हणाला, "पुलापतुर सोडून येतो. ट्रकवाल्याला हात करायला मानूस पायजे."

"पाच मिन्टं," मी म्हणालो.

दीड तास! दीड तास मी त्या पिवळ्या गाडीत रस्त्याच्या कडेला बसून होतो. मला गाडी चालवता येत नाही. किल्ली त्याच्या खिशात. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, शूटिंग आहे का? एकानं मला हिरोचा बाप समजून नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत कोल्हापूर गाठायचं ठरलेलं, आणि हा गायब. शेवटी आला तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. पायभर धूळ, अंगाला मेंढरांचा वास. माझा तोल गेला. "तू येडा झाला का? एवढी रेसची गाडी सोडून मेंढरामागं पायी गेला?" अकरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

त्याला काही वाटलंच नाही. तो आपल्याच नादात. "मास्तर, त्यायच्यात एक म्हातारी हाय. मी इचारलं, कुठं जायचं? म्हनली, कोकनात. म्हनलं, आमी बी तिकडंच. तिथून पुढं? म्हनली, पाऊस लागायच्या आत माघारी घाटावर. तिथून पुढं? म्हनली, आरं बाबा, मग पुन्यांदा दिवाळी, पुन्यांदा कोकन." तो माझ्याकडं बघत राहिला. "कुठंबी संपत न्हाई, मास्तर."

"बसा आता," मी म्हणालो. तो बसला. मी ठोकलं नाही. रागात होतो ना. तो किल्ली धरून बसून राहिला, आणि मलाच कसंतरी झालं. ठोकलं मग दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरलो. त्या वळणांवर त्यानं ती गाडी अशी उतरवली की मला एकदाही कुठं धरावं लागलं नाही. नारळ दिसायला लागले, हवा चिकट झाली. आणि दहाच्या सुमाराला डांबरी रस्ता संपला, वाळू लागली, समोर पाणी.

मला तर बाबा लई आनंद झाला. चप्पल काढून पळत गेलो, पाय भिजवले, तोंडात पाणी घेऊन बघितलं, खरंच खारट. मागं बघतो तर मुंजाभाऊ गाडीपाशीच उभा. शेजारी एक कोळी जाळं झाडत होता. मुंजाभाऊनं त्याला विचारलं, "तिथून पुढं?"

"कुठून पुढं?"

मुंजाभाऊनं बोट दाखवलं.

"पुढं काय असायचं? पाणी."

तो उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर, परत पहिल्या पायावर. मी त्याला पाण्यात बोलावलं, आला नाही. थोड्या वेळानं त्यानं पाण्याकडं पाठ केली आणि ज्या रस्त्यानं आलो तिकडं तोंड करून उभा राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मास्तर, हे तं अडवलं की."

मला हसू आलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू गेलं. तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते त्याला दिसलं होतं, आणि ते त्या काचेच्या खोलीसारखंच होतं, जिथून पुढं जायला जागा नाही. मला वाईट वाटलं. मित्राचं असं झालं की वाटतंच.

हॉटेलवाल्यानं गाडी खालून वाकून बघितली. एक ओरखडा नव्हता. तो खूश झाला, आम्हाला मासे खा म्हणाला. मुंजाभाऊनं किल्ली दिली आणि गाडीकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. परतीला बस. मी खिडकीशी बसलो. हा पार लातूरपर्यंत ड्रायव्हरच्या मागं दांडा धरून उभा, आणि समोर काही आलं की उजवा पाय खाली दाबतोय. त्या ड्रायव्हरनं शेवटी विचारलं, "काका, तुम्ही चालवता का मी?"

संक्रांतीनंतर तो निवृत्त झाला. डेपोत शाल, नारळ, भाषणं. त्याला मधोमध खुर्ची दिली होती. मी सोडून कुणाच्या लक्षात आलं नाही, पण कार्यक्रमभर तो खुर्चीच्या काठावर टेकून होता, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून. दुसऱ्या दिवसापासून बूथ. मी खेपेवरून आलो की जायचो. काचेतून दिसायचा, फिरत्या खुर्चीवर, फिरत नसलेला. फोन करायला आलेल्या माणसाला तो विचारायचा, "कुठं लावायचा? पुण्याला? तिथून पुढं?" माणूस त्याच्याकडं बघत राहायचा. मी तिथं फार वेळ थांबायचो नाही. मला ते बघवत नव्हतं.

पंधराएक दिवस गेले असतील. दत्ता घाबराघुबरा माझ्याकडं आला. बाबा गेले. मी विचारलं, कशानं? मग कळलं, गेले म्हणजे गावावरून चाललेल्या खंडूकाकाबरोबर मेंढरामागं गेले. पहाटे घोंगडी घेतली आणि निघाले. दत्ता रडकुंडीला आला होता. "लोक थुकतील माझ्या तोंडावर, काका. म्हनतील बापाला खायला न्हाई घातलं. पेन्शन येऊन राहिली, बूथ हाय, खुर्ची हाय. तुमचं ऐकतील ते. तुमी बोलवा माघारी." मी त्याला शब्द दिला. म्हणालो, भेटले की सांगतो, हात धरून आणतो. तेव्हा मनापासूनच म्हणालो होतो.

तो भेटला उन्हाळ्याच्या तोंडाला, हळद शिजवायच्या दिवसांत. सकाळची पहिली खेप, वाशिमहून परत येताना, ड्रायव्हर नवा, तरुण पोरगा. कनेरगाव नाका सोडला आणि पुढं रस्ताभर मेंढरं. पोराचा हात हॉर्नवर गेला. मी दोरी एकदा ओढली. गाडी थांबली. "इंजन बंद कर," मी म्हणालो. काहून? "कर म्हणतो ना!" त्यानं केलं. मेंढरं आली, गाडीच्या दोन्ही अंगांनी वाहत गेली. पुढं खंडू होता, त्यानं ओळखून हात केला. मी दारात येऊन उभा राहिलो आणि वाट बघत राहिलो, शेवटच्या मेंढराची.

ते लंगडत होतं, आणि त्याच्या मागं मुंजाभाऊ. रापलेला, वाळलेला, डोक्याला फडकं, काखेत कोकरू. खाकी पँट मात्र तीच. मला बघून थांबला नाही, चालता चालताच हसला. मी काय काय ठरवून ठेवलं होतं. दत्ता रडतो म्हणून सांगायचं, या वयात पायाचे तुकडे होतील म्हणून दटवायचं, दिलेला शब्द पाळायचा. सगळं तोंडापर्यंत आलं. आणि मी विचारलं, "मुंजाभाऊ, कुठवर?"

"पैनगंगा उतरून वाशिमकडं."

"तिथून पुढं?"

तो थबकला. माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याला फार मोठं काहीतरी दिलंय. कोकरू दुसऱ्या काखेत घेतलं, गाडीच्या पत्र्यावर हाताचा पंजा दोनदा आपटला, आणि लंगड्या मेंढरामागं चालायला लागला.

नव्या ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि आम्ही निघालो. दोरी माझ्या हातात होती, मी ती ओढलीच नव्हती.